सोमाभाऊंची पाठ

१९५३ च्या वैशाखात ब्रह्मपुरीकडच्या आमच्या गावतळ्यावर जाळे ओढले. बांधावर मासळीचे सतरा ढीग, प्रत्येकी दोन शेर. हजर सतरा घरांचे सतरा पुरुष, त्यांत वाट्यांची वही लिहिणारा मी. थोडी दूर रखमाबाई, रिकामी टोपली घेऊन. आदल्या साली वाटे अठरा होते. मधल्या हिवाळ्यात तिचा नवरा तापाने गेला.

सोमाभाऊ आमचे पंच. ढीग झाले की ते त्यांच्याकडे पाठ फिरवीत. कोणी एका ढिगावर काठी टेकवून विचारी, "हा कोनाचा?" ते न पाहता नाव घेत. "पाठीले डोळे नाई," म्हणत. स्वतःला चिल्लर मासळी आली तरी त्यांनी कधी तोंड वाकडे केले नाही.

त्या दिवशी त्यांनी रखमाबाईचे नाव घेतले नाही. ज्या घरचा माणूस पाण्यात नाही त्या घराला वाटा नाही, हे त्यांनीच बैठकीत मांडले होते. हात आम्ही सर्वांनी वर केले होते. मी म्हटले, "भाऊ, फेरविचार करू."

"थो काय असते?"

"ठरलेल्या गोष्टीचा पुन्हा विचार करणे."

"मंग पह्यले काय झोपेत ठरवलं होतं का तुमी?"

माणसे हसली. मीही हसलो.

रखमाबाई म्हणाली, "भाऊ, मले उतरू द्या पान्यात."

"बाईनं जाळं वढलं तं गाव हासन. घरी जाय, बाई."

आणखी दोन वैशाख ती टोपली घेऊन आली. मग भावाकडे गेली आणि तिथेच वारली.

पुढे सोमाभाऊंचा उजवा हात लुळा पडला. त्यांच्या जागी पाण्यात उतरायला घरात मूलबाळ नव्हते. आम्ही म्हटले, "भाऊ, तुमचा ढीग ठेवतो."

"काऊन? फेरविचार करून राह्यले का?"

त्यांनी पाठ फिरवली, सोळा नावे घेतली आणि रिकाम्या हाताने घरी गेले. बायकोने, जिजाबाईने, पेज वाढली. त्याच सालच्या थंडीत ते वारले.

पुढच्या वैशाखात पाठ फिरवायचे काम माझ्याकडे आले. जिजाबाई टोपली घेऊन रखमाबाईच्याच जागी उभी राहिली. या वेळी कोणी हसले नाही. एक बिडी ओढून होईतो ठरले: विधवेच्या घराला अर्धा वाटा. सगळे हात वर.

"ते असते तं घेऊ देल्लं नसतं," जिजाबाई म्हणाली आणि टोपली पुढे केली.

वहीत रखमाबाईच्या नवऱ्याचे नाव खोडलेले होते. त्याखाली मी लिहिले: जिजाबाई, एक शेर, दिला.