आणि आत्ता लाईट गेली तर?

दामलेबाई आल्या की लाईट जायची. म्हणजे त्याच घालवायच्या. चालू यंत्राजवळ यायच्या, चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि कोणाला काही न सांगता भिंतीतला प्लग उपटायच्या. समोरचा माणूस "अहो मॅडम" म्हणेपर्यंत प्लग परत खोचून यंत्राकडे टक लावून उभ्या. ऑफिसात त्यांचं नाव पडलं होतं लोडशेडिंग. त्यांना ते माहीत होतं, आणि मला वाटतं, आवडतही होतं.

आमची कंपनी छोटी. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ज्या काचेच्या पेटीत ठेवतात, ती आम्ही बनवायचो. आतली ऊब टिकली पाहिजे, बाकी सगळं नंतर. मी पेटीच्या स्क्रीनचा प्रोग्रॅम लिहायचे: नर्सने दाबायची बटणं, तापमानाचा आलेख, रंग. माझं काम दिसायचं. घरी पाहुणे आले की आई मला फोनवरचे फोटो दाखवायला लावायची. बाईंचं काम मात्र कुठेच दिसत नसे. त्या सिस्टीम प्रोग्रॅमिंग करायच्या, आणि ते नक्की काय असतं, हे आमच्यातल्या निम्म्यांना सांगता आलं नसतं.

मी एकदा विचारलंच. म्हणाल्या, "तुझा प्रोग्रॅम माणसांसाठी असतो. माझा तुझ्या प्रोग्रॅमसाठी."

माझा चेहरा कोराच राहिला असणार, कारण पुढे त्यांनी उलगडून सांगितलं. नर्सने तापमान ठरवलं की माझं बटण म्हणतं, हा आकडा जपून ठेव. झालं, माझं काम संपलं. तो आकडा चिपमध्ये कुठे लिहायचा, हीटरला केव्हा सांगायचं, दोन कामं एकदम आली तर आधी कोणाला सोडायचं, हा सगळा संसार त्यांचा. मी चुकले तर बटण वाकडं दिसेल, त्या चुकल्या तर बटणाखालची जमीनच जाईल. आणि तेव्हाही लोक बटणालाच शिव्या घालतील, हेही त्यांनी थंडपणे सांगून टाकलं.

त्यांचा ठरलेला प्रश्न एकच: "आणि आत्ता लाईट गेली तर?" तुम्ही कितीही कौतुकाने काही दाखवा, बाईंचं हेच. वाढदिवसाच्या केकवर सुरी टेकवली तरी कोणीतरी हळूच हे वाक्य टाकायचं आणि सगळे हसायचे, बाईही. कोणी म्हणालं की बॅटरी आहे की, तर म्हणायच्या, "बॅटरी म्हातारी होते, आणि झाल्याचं सांगत नाही." त्यांचं बालपण खडकीच्या क्वार्टर्समध्ये गेलेलं. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात. घरात "चालतंय की" हा शब्दच नव्हता, असं सांगायच्या.

नवं तापमान साठवताना त्या जुनं लगेच पुसत नसत. नवं दुसऱ्या जागी लिहायचं, वाचून खात्री करायची, मगच जुनं सोडायचं. मधेच वीज गेली तरी दोन्हीपैकी एक आकडा शाबूत हवा. शिडी उतरताना खालचा पाय टेकल्याशिवाय वरचा उचलतेस का, एवढंच त्यांनी मला विचारलं होतं.

भांडण झालं ते वेगळ्याच गोष्टीवरून. यंत्र सुरू होताना आधी हीटर आणि त्याखालचा छोटा हिरवा दिवा जागा व्हायचा, स्क्रीन सगळ्यात शेवटी. तोवर माझा सुंदर स्क्रीन काळाठिक्कर. मालकांना तर पहिल्या क्षणी कंपनीचं बोधचिन्ह झळकायला हवं होतं. अहो, गिऱ्हाईक घाबरतं, असं ते काकुळतीला येऊन सांगत होते. बाई म्हणाल्या, "स्क्रीनला घाई नाही. बाळाला आहे." विषय संपला.

पुढे एका मोठ्या हॉस्पिटलचे डॉक्टर पेटी पाहायला आले. मालकांनी आम्हाला बजावलं होतं की बाईंना आत येऊ देऊ नका. त्यांना कोण अडवणार? त्या आल्या, चष्मा वर गेला, प्लग बाहेर. मालकांचा चेहरा पांढरा पडला. प्लग परत बसला, स्क्रीन काळाच, पण हिरवा दिवा लागला आणि काचेआड ऊब सुरू झाली. डॉक्टरांबरोबरची वयस्क सिस्टर वाकून तो दिवाच पाहत होती. तिने मान डोलावली आणि पेट्या तिथे लागल्या. वर्तमानपत्रात फोटो आला तो मालकांचा आणि माझ्या स्क्रीनचा. बाई म्हणाल्या, छान आलाय, स्क्रीनवरचे बोटांचे ठसेसुद्धा आलेत.

त्यानंतर मी हट्टाने त्यांच्या हाताखाली गेले. आईला पाहुण्यांना दाखवायला काही उरलं नाही, ती नाराज झाली. बाईंची शाबासकी म्हणजे "ठीक आहे", तीही दसरा-दिवाळीला. स्वतःच्या कामाला तर तेवढंही नाही. स्वतःचं काम पुरं झालं की म्हणायच्या, "बघू." निवृत्त झाल्या त्या दिवशीही "बघू" म्हणूनच जिना उतरल्या.

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीला, अनुजाला, दिवस भरायच्या आधीच मुलगी झाली. ओंजळीत मावेल एवढी. ती आमच्याच पेटीत होती. गुरुवारी दुपारी आम्ही दोघी काचेपाशी उभ्या असताना लाईट गेली. जनरेटर आला, पंखे फिरले, पण पेटीचा स्क्रीन काळा. अनुजाने माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली. मी स्क्रीनकडे पाहिलंच नाही. खाली पाहिलं. हिरवा दिवा लागलेला होता. म्हणजे आत जपलेला आकडा तोच, ऊब तीच. मी म्हटलं, "अगं, ती गरम आहे. स्क्रीन येईल मागून." आणि आला. माझा ऊर भरून आला, खोटं कशाला सांगू.

बाहेर येऊन मी बाईंना फोन लावला आणि सगळं एका दमात सांगितलं.

"मग? चालू झालं ना? फोन कशाला केलास?" हे अपेक्षितच होतं. मग म्हणाल्या, "दिव्याला किती वेळ लागला?"

"मोजला नाही मॅडम. भाचीकडे बघत होते."

 

"ठीक आहे," बाई म्हणाल्या.