कनवटीची डबी

बनाबाईचा विश्वास कुणावर नव्हता. दूधवाल्यावर नाही, एसटीच्या कंडक्टरवर नाही, सख्ख्या नवऱ्यावर तर मुळीच नाही. तासगावजवळच्या वाडीतली ही बाई बेदाण्याच्या शेडवर निवडायला जायची. तिथल्या मुकादमानं नुसतं "बरी हाईस का?" म्हटलं तरी हिच्या मनात पाल चुकचुकायची. फार चुकत होतं असंही नाही म्हणा. आणीबाणीत थोरल्या दिराला 'नुसतं तपासतो' म्हणून सरकारी गाडीत घातलं आणि नसबंदी करून परत सोडलं होतं. तेव्हापासून बाई ताकही फुंकून प्यायची.

म्हणून चौऱ्याण्णव साली शाळेत पोरांचे दात तपासायला गाडी येणार, सही पाहिजे, असं कळल्यावर तिनं तो कागद सरळ चुलीत घातला. पण गाडी आली त्याच सकाळी लेकीचा, नऊ वर्षांच्या दीपमालाचा, गाल टम्म फुगला. पोरीला पाणी गिळवेना. एकुलतं लेकरू! पोरीला कडेवर मारून बनाबाई शाळेत आली.

"आवं गुरुजी, फुकाट कोण काय देतंय? दात नेऊन करत्यात काय ही मानसं?"

"लोणचं घालतात," धम्मपाल गुरुजी म्हणाले आणि तिचा अंगठा घेतला.

गाडीत डॉक्टरीणबाईंनी पोरीला खुर्चीत बसवलं, तर बनाबाई खुर्चीला चिकटूनच उभी राहिली. सुई नवी का, हे दोनदा विचारलं. दाढ निघाली तसा तिनं हात पुढं केला.

"आना ती हिकडं. शेनाच्या गोळ्यात घालून कौलावर टाकती. नवी येती."

डॉक्टरीणबाई थांबल्या. "मावशी, ही दुधाची नव्हती. कायमची दाढ होती. ही परत येत नाही."

"खोटं! चांगली दाढ उपाटली आन् वर मलाच शिकवता व्हय?"

बाईंनी दाढ तिच्या तळव्यावर ठेवली. आतून पार पोकळ. "वर्षभर तरी ठणकली असेल. कुणाला कळलं कसं नाही?"

दीपमालानं तोंडातला कापूस बाजूला केला. "दुखायची की. आई मशेरी लावायची तितं. मग दुखायचं थांबायचं."

बनाबाईचा हात आपसूक कनवटीला गेला. मशेरीची डबी तिथंच होती. साऱ्या जगावर संशय घेतला बयेनं, या डबीवर तेवढा कधी घेतला नाही. लाजेनं तिला मान वर करवेना.

घरी येऊन तिनं मशेरी उकिरड्यावर ओतली. आठ दिवस डोकं ठणकलं, तोंड आंबलं, पण पुन्हा भाजली नाही. दाढ कौलावर टाकली नाही. डबीत ठेवली.

पुढच्या साली गाडी आली तेव्हा बनाबाई शाळेच्या दारात उभी. येईल त्या बाईला डबी उघडून दाखवायची. "माज्या हातानं घालीवली ही. तुमी तसं करू नगा."

शेडवरची जोडीदारीण शालूबाई पोरीला पदराआड धरून आली. डबीत वाकून बघितलं, मग बनाबाईकडं बघितलं. "डॉक्टरनीनं काय दिलं गं तुला, हितं हुबं ऱ्हायला?"

बनाबाईला हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही.

"मी बी ह्येच इचारलं आसतं," ती म्हणाली. "ही डबी तुज्याजवळ ठिव. पोर दे माज्याकडं."

शालूबाईनं डबी घट्ट धरली. बऱ्याच वेळानं पोरीचा हात सोडला.