साळवे सरांनी उतरवलेली चित्रं

साळवे सर गेल्याचं मला शाळेत, मधल्या सुट्टीत कळलं. हृदयविकाराचा झटका... दवाखान्यात नेईपर्यंतही वेळ मिळाला नाही. त्यालाही आता दीड महिना झाला. नाशिकरोडच्या आमच्या शाळेत ते चित्रकला शिकवायचे, मी इंग्रजी. पण गेल्या दहा वर्षांत त्यांनी फळ्यावर माणसाचा चेहरा काढलेला कुणी पाहिला नाही. घडा, पान, पूल, बैलगाडी... चेहरा नाही. त्याचं कारण फार थोड्यांना ठाऊक होतं.

आणीबाणी उठल्यानंतरच्या चौदा एप्रिलच्या जयंतीला त्यांनी वसाहतीच्या समाजमंदिरात प्रदर्शन भरवलं होतं. अमेरिकेत माणसं विकली जात होती, त्या काळात मालक लोकांनी काळ्या माणसांची कशी चित्रं काढली, ते आपल्या लोकांनी पाहावं, चिडावं, असं त्यांच्या मनात होतं. जुन्या पुस्तकांतली चित्रं त्यांनी मोठ्या कागदांवर उतरवली. कापसाच्या शेतात दात काढून नाचणारा गडी, मालकाचं पोर कडेवर घेतलेली लठ्ठ, हसरी बाई, बटबटीत डोळे, जाड ओठ. खाली मजकूर मी मराठीत करून दिला होता. पण मजकूर वाचतो कोण? लोक आले आणि हसले. सायखेड्याहून आलेले सरांचे मामा म्हणाले, "गुलाम होते म्हनतो, अन् हा तर नाचतोय. मजेत दिसतोय की." मुलं ओठ फुगवून एकमेकांना दाखवू लागली. सर दाराशी उभे राहून बघत होते.

संध्याकाळी त्यांची आठ वर्षांची संघमित्रा घरी आली. वडिलांसारखीच काळी. तिने विचारलं, "पप्पा, मी त्या चित्रातल्यासारखी दिसते का? सगळे तसंच म्हणतायत."

सरांनी तेव्हाच जाऊन सगळी चित्रं उतरवली. मी मदतीला गेलो, तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "मालकांनी काढलेलं चित्र मी पुन्हा काढलं आणि त्याने पुन्हा तेच काम केलं. आपल्याच घरात... आणि ओठ छान जमले म्हणून मी खूश होतो हो."

पुढच्या वर्षी भिंती रिकाम्या होत्या. गुलामीतून सुटलेल्या एका माणसाने सांगितलेली हकिकत त्यांनी नुसती वाचून दाखवली. लहानपणी त्याची आई दुसऱ्या गावी विकली गेली होती. कुणी हसलं नाही. एका आजींनी विचारलं, "मग घावली का त्याला आई?"

"नाही," सर म्हणाले, आणि पुढे त्यांना वाचता येईना.

लोक ते प्रदर्शन विसरले. सर विसरले नाहीत. कधी विषय निघालाच तर त्यांची मान खाली जायची.

शोकसभेसाठी आम्ही त्यांचा फोटो मोठा करायला टाकला. स्टुडिओतून आला तेव्हा आम्ही सगळे शिक्षक म्हणालो, छान आलाय. संघमित्रा आता कॉलेजात आहे. तिने बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "हे पप्पा नाहीत."

फोटो घेऊन आलेला स्टुडिओवाला समजावत म्हणाला, "ताई, मुद्दाम रंग उजळून दिलाय. सगळेच तसं सांगतात."

"आम्ही नाही सांगितलं. होते तसे द्या."

आमच्यापैकी कुणालाच तोवर काही खटकलं नव्हतं...

दुसरा फोटो आता त्यांच्या बाहेरच्या खोलीत आहे. सर त्यात होते तेवढेच काळे आहेत आणि सरळ समोर बघतात. मी वहिनींना भेटायला जातो, चहा घेतो. पण त्या फोटोसमोरच्या खुर्चीत बसायचा धीर मला अजून झालेला नाही.