मिह्रानची बशी

अर्शालूसबाईंनी चाळीस वर्षं लोकांच्या विजारी आखूड केल्या आणि त्यांच्या कहाण्या लांब केल्या. अमेरिकेतल्या ग्लेनडेलच्या डोंगराला लागून असलेल्या आम्हा आर्मेनियनांच्या त्या गल्लीत कोणाची सून रुसली, कोणी केस रंगवले, हे आधी त्यांना कळायचं, मग त्या त्या घरच्यांना. नवरा मिह्रान गेल्यापासून घरात त्या आणि नूश, एवढ्याच दोघी. नूश म्हणजे बदामी रंगाची, साडेतीन किलोंची कुत्री. भुंकणं मात्र तीस किलोंचं.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी अंगणात नूश किंचाळली. बाई धावल्या तर एक कायोटी, कोल्ह्याहून थोराड आणि लांडग्याहून हडकुळा, तिला पाठीकडून उचलून भिंतीकडे निघालेला. बाईंनी विणलेला लाल स्वेटर नशिबाने दोन मापं मोठा होता. नूश खालून सटकली आणि कायोटी नुसता स्वेटर घेऊन भिंतीपार झाला.

"जन्मभर गावाची मापं घेतलीत, वहिनी," कुंपणापलीकडून वाझगेन म्हणाला, "आणि घरच्याच कुत्रीचं चुकलं, हे किती बरं झालं!"

वाझगेन म्हणजे घड्याळदुरुस्तीतून निवृत्त झालेला शेजारी, मिह्रानचा नार्दीच्या, म्हणजे फासे-सोंगट्यांच्या, पटावरचा तीस वर्षांचा जोडीदार. गंमत अशी की तो स्वतः एकाच पायात चप्पल घालून काठी घेऊन धावत आला होता, आणि हसता हसता ती काठी पाठीमागे लपवत होता. बाईंनी ते पाहिलं. त्या काय पाहत नसत?

दुपारपर्यंत बातमी दूर फ्रेस्नो शहरात लेकीकडे पोचली.

"आई, बास झालं," नाझेली फोनवर म्हणाली. "मी पुढच्या आठवड्यात, रविवारी येते. एकतर तू माझ्याकडे चल, नाहीतर नूशला मी घेऊन जाते."

"तुझ्या चौथ्या मजल्यावर मी भांडू कोणाशी?"

"माझ्याशी भांड. मी रिकामीच असते."

फोन ठेवल्यावर मात्र बाई बराच वेळ नूशला मांडीवर घेऊन बसल्या. घर सोडायचं की कुत्री द्यायची? मिह्राननेच लावलेली दोन झाडं, एक जर्दाळूचं, एक पर्सिमनचं, मिह्राननेच आणलेलं पिल्लू.

दुसऱ्या दिवशी शहराच्या प्राणी विभागातली एक बाई आली. उंच बूट, हातात वही. तिने एकच विचारलं, "इथे कोणी खायला ठेवतं का?"

"छे!" अर्शालूसबाई ठसक्यात म्हणाल्या, आणि शपथेवर सांगतो, त्यांच्या मते ते खरं होतं.

कारण बशी मांजरांची होती. मिह्रान रोज पहाटे उरलंसुरलं एका निळ्या काठाच्या बशीत घालून जर्दाळूच्या झाडाखाली ठेवायचा, गल्लीतल्या मोकाट मांजरांसाठी. तो गेल्यानंतरच्या चाळिसाव्या दिवशी बाईंनी मनाशी ठरवलं, ही बशी बंद पडू द्यायची नाही. आणि बशी रोज लख्ख! आता आमच्यात पाहुण्याचं ताट रिकामं दिसणं म्हणजे यजमानिणीचं नाक कापलं जाणं. बाईंनी द्राक्षाच्या पानांत खिमा-भात गुंडाळून केलेल्या दोन डोल्माचे चार केले, चाराचे सहा. वर मटणाचा तुकडा.

बूटवाली गेल्यावर वाझगेनने घसा खाकरला. "वहिनी, शेवटचं मांजर कधी पाहिलंत?"

बाईंना आठवेना.

बाईंचं अंगणही दिसेल असा एक कॅमेरा वाझगेनच्या गॅरेजवर होता. त्याचे अंजीर कोण चोरतं ते पाहायला बसवलेला; चोर कोण ते बाईंना ठाऊक होतं, त्या स्वतःच. दोघांनी सकाळचं चित्रण लावलं. साडेपाचला कायोटी भिंतीवरून उतरला. डोल्मा संपवले, बशी चाटली, आणि मग तिथेच बसून राहिला, पहिल्यांदाच सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा, दुसरी वाढ कधी येते याची वाट बघत.

"द्राक्षाचं पानसुद्धा टाकत नाही," वाझगेन म्हणाला. "मिह्रान टाकायचा."

बाई हसल्या नाहीत. "म्हणजे नूशवर मीच आणला त्याला," त्या म्हणाल्या. त्या संध्याकाळी त्यांनी बशी धुतली, पुसली आणि कपाटात ठेवली. कपाटाचं दार लावायला त्यांना वेळ लागला.

पहाटे त्या मोठ्या पातेल्याचं झाकण आणि डाव घेऊन बाहेर गेल्या. बूटवालीने सांगितलं होतं: हात वर करा, ओरडा, तो जाईपर्यंत पाठ फिरवू नका. कायोटी झाडाखाली बसला होता. बाईंना पाहून त्याने मान तिरकी केली. ओळखीची बाई! बाईंनी झाकण वर उचललं आणि तसंच धरून ठेवलं. एकाहत्तर वर्षांत त्यांनी दारी आलेल्याला कधी हाकललं नव्हतं.

"अहो, ओरडा!" कुंपणावरून वाझगेन. "मला ओरडता तसं ओरडा! अंजिरांचं विचारलं तेव्हा ओरडला होतात तसं!"

"तुम्ही गप्प बसा!" बाई कडाडल्या, आणि त्यासरशी बांध फुटला. झाकण वाजलं. "ऊठ! चालता हो! वाढणारा गेला! दीड वर्ष झालं, मिह्रान गेला! आता इथे कोणी वाढणार नाही!"

हे वाक्य त्यांनी तोवर कोणासमोर उच्चारलं नव्हतं. कायोटीने क्षणभर पाहिलं आणि भिंतीवरून उडी मारली. बाई झाकण वाजवतच राहिल्या. वाझगेनने घरातून आपलं झाकण आणलं आणि तेही वाजवायला घेतलं.

आणखी चार दिवस पहाटे तो आला, पाचव्या दिवशी लांबून बघून गेला, मग दिसला नाही. बाईंनी सगळ्या गल्लीपुढे चूक कबूल केली, तेव्हा कोपऱ्यावरच्या काकूंनी आपणही खोरोवात्सची, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेल्या मटणाची, हाडं भिंतीपलीकडे फेकत असल्याचं सांगितलं. झाडाखाली गळलेली पर्सिमनची केशरी फळं रोज उचलायची आणि झाकण वाजलं की प्रत्येकाने आपलं झाकण वाजवायचं, असं ठरलं.

रविवारी नाझेली आली तेव्हा नूश नव्या, अगदी मापाच्या स्वेटरमध्ये, दोरीला बांधलेली, अंगणात मिरवत होती. दोरीचं दुसरं टोक आईच्या हातात. नाझेलीने झाडाखाली पाहिलं, कुंपण पाहिलं, चहा घेतला आणि संध्याकाळी जर्दाळूच्या मुरंब्याच्या दोन बरण्या घेऊन एकटीच परत निघाली.

जाताना दारात थबकली. "आई, बाबांची बशी?"

बशी टेबलावर होती. तिच्यात सहा डोल्मा होते आणि समोर वाझगेन. त्याने पानासकट सगळे संपवले, बशी पावाने पुसून लख्ख केली, आणि अर्शालूसबाई, सवयीप्रमाणे, पुन्हा वाढायला उठल्या.