शुभदाकाकू आणि विहिरीवरचा पंप

ओकुबोसानचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. त्या काकूंच्या शेजारी राहतात, वय ऐंशीच्या पुढे. "शुभदासान आज पहाटे गेल्या," त्या म्हणाल्या. मला नीट कळावं म्हणून तेच वाक्य त्यांनी पुन्हा सावकाश, सोप्या जपानीत म्हटलं. खरं तर मला पहिल्या वेळीच कळलं होतं...

त्याला आता सहा आठवडे झाले. शुभदाकाकू जपानमधल्या त्सुकुबा शहराच्या बाहेर, शेतांना लागून असलेल्या एका जुन्या भाड्याच्या घरात राहत. काका तिथल्या एका संशोधन संस्थेत होते. ते गेल्यावर कॅनडातला मुलगा, अनिरुद्ध, दर फोनला म्हणायचा, "आई, इकडे ये." काकू "बघू" म्हणायच्या आणि वांग्याची रोपं लावायच्या. मी नवऱ्याच्या बँकेच्या बदलीमुळे टोकियोतल्या कोतो भागात आले, तेव्हा मला जपानीचं अक्षर येत नव्हतं. कुठला कचरा कुठल्या दिवशी टाकायचा इथपासून काकूंनी शिकवलं. एक रविवार सोडून एक मी त्यांच्याकडे जाऊ लागले, ती सवयच झाली.

तीन वर्षांपूर्वी जानेवारीत त्यांच्या विहिरीवरचा पंप बिघडला. नळ सोडला की तो दर दोन सेकंदांनी चालू-बंद व्हायचा आणि पाणी गचके देत यायचं. पंपाशेजारी घागरीहून थोडी मोठी लोखंडी टाकी होती. तिच्या आत रबरी पिशवी, पिशवीत पाणी, बाहेरून दाबलेली हवा. ती हवा पाणी नळापर्यंत ढकलते, म्हणून पंपाला मध्ये विसावा मिळतो. टाकीवर सायकलच्या ट्यूबसारखा व्हॉल्व्ह असतो. काकूंनी त्याची पिन दाबली, तर हवेऐवजी पाणी उडालं. पिशवी फाटली होती. मेकॅनिक म्हणाला, हे मॉडेल जुनं आहे, सगळा संचच बदला. घरमालक म्हणाले, या घरात आता नवीन काही बसवणार नाही. मार्चअखेर सोडलंत तर घर पाडायला घेता येईल. अनिरुद्धने तर तिकिटंच बघायला घेतली.

"पिशवी फाटलीय, तर पिशवी बदलू," काकू म्हणाल्या. शिवणाच्या टेपने टाकीचं तोंड मोजलं, फोटो काढले आणि होम सेंटरमधल्या, म्हणजे घरदुरुस्तीच्या सामानाच्या मोठ्या दुकानातल्या, तीन काउंटरवर दाखवले. तिसऱ्या काउंटरवरच्या माणसाने दुसऱ्या बनावटीची, पण त्याच मापाची पिशवी मागवून दिली. पंधरा दिवस काकू ओकुबोसानकडून बादल्या भरून आणत होत्या. वय अडुसष्ट, आणि आदल्याच वर्षी हृदयाचं ऑपरेशन झालेलं.

पिशवी आली त्या रविवारी आम्ही दोघी पंपाच्या खोपट्यात बसलो. वीज बंद केली, विहिरीकडचा कॉक बंद केला, टाकी रिकामी केली. सहा गंजलेले बोल्ट सुटायला तास गेला. जुनी पिशवी ओढून काढली, आतला गंज पुसला, नवी गुंडाळी करून आत सारली. मी बोल्ट ओळीने आवळत गेले. सायकलच्या पंपाने हवा भरली, पाणी सोडलं... आणि झाकणाच्या कडेने धार लागली.

माझी बोटं बधिर झाली होती. मी चिडून म्हटलं, "काकू, पुरे आता. एका टाकीसाठी एवढा हट्ट कशाला? मुलगा बोलावतोय ना?"

काकूंनी पाणी बंद केलं. मग म्हणाल्या, "मी कॅनडाला जाईनही कधीतरी. पण नळाला पाणी नाही म्हणून नाही जाणार. तुला थंडी वाजतेय, तू आत जा. मी करते."

मी गेले नाही. आम्ही सगळं पुन्हा उघडलं. या वेळी एक बोल्ट आवळला की मग त्याच्या समोरचा, असं थोडं थोडं करत गेलो. धार थांबली. काकू नळाखाली हात धरून उभ्या राहिल्या. पंप कितीतरी वेळ गप्पच होता. पाणी मात्र एकसारखं येत होतं.

मार्च गेला. घरमालक येऊन चहा पिऊन गेले, पुन्हा विषय काढला नाही. पुढची तीन वर्षं काकू त्या घरात राहिल्या, हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते त्यांच्या अंत्यदर्शनाच्या दिवशी कळलं. एकेक म्हातारं माणूस येऊन वाकायचं आणि म्हणायचं, "आमच्या टाकीची हवा शुभदासान भरायच्या." आजूबाजूच्या पाच घरांत तसेच विहिरीवरचे पंप होते. काकू महिन्यातून एकदा सायकलवरून फेरी मारत. मला कधी बोलल्या नाहीत. बोलण्यासारखं त्यांना त्यात काही वाटलं नसावं. अनिरुद्ध माझ्याशेजारी उभा राहून ते ऐकत होता. "मी तिला इथून न्यायला निघालो होतो," एवढंच तो म्हणाला.

आता ती फेरी मी करते. महिन्यातला एक रविवार जातो. नवरा म्हणतो, बदली झाली की मग? झाली की कुणाला तरी शिकवून जाईन.

परवा ओकुबोसानकडे हवा भरून झाली. मी टाकीवर दोनदा बोटाने वाजवून पाहिलं, आवाज पोकळ आला, म्हणजे हवा ठीक होती. मी सामान आवरू लागले. ओकुबोसान दारातच उभ्या होत्या.

"शुभदासान तीनदा वाजवायच्या," त्या म्हणाल्या.

मी सायकलचा पंप खाली ठेवला आणि तिसऱ्यांदा वाजवलं.