शिपाई दगडूचा पहारा

शिपाई दगडू पान एकशे अठ्ठेचाळीसवर खिंडीत पहाऱ्याला उभा राहिला आणि पान पाचशे छत्तीसवर कादंबरी संपली तरी तिथून हलला नाही. हे मला मंगळवारी सकाळी अकरा वाजता कळलं. शेवटचा फॉर्म चार वाजता प्रेसला जायचा होता.

फॉर्म म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापली जाणारी सोळा पानं. या पुस्तकाचे चौतीस फॉर्म होते आणि त्यातले तेहतीस छापून झाले होते. दगडूच्या पानाला आता हात लावता येत नव्हता.

मी जळगावच्या एका छोट्या प्रकाशनात संपादनाचं काम करते. माझं गाव जामनेर तालुक्यातलं. आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिलीच. आमचे मालक नाना यांनी हे पुस्तक सुरुवातीपासून शेवटपर्यंत माझ्यावर सोपवलं होतं, आणि असं ते पहिल्यांदाच करत होते. लेखक अमळनेरजवळच्या गावचे निवृत्त सुभेदार. सगळे त्यांना आबा म्हणतात. त्यांच्या कादंबरीत तीन वर्षं चाललेलं एक काल्पनिक युद्ध आहे, एक राणी आहे, पंखवाल्या लांडग्यांवर बसून लढणारी पलटण आहे. पात्रं एकशे सदतीस. वाचकाचा गोंधळ होऊ नये म्हणून शेवटी आठ पानांची पात्रसूची द्यायचं ठरलं होतं.

आबांनी सूची हुद्द्याप्रमाणे लावून पाठवली. मी ती अक्षरांच्या क्रमानं लावली, तर लगेच फोन.

"राणीच्या आधी आचारी कसा काय आला?"

"आबा, वाचक नावानं शोधतो. त्याला हुद्दा कुठे माहीत असतो?"

"बरं, राहू दे. आचाऱ्यावाचून लढाई होत नाही तशीही."

सूची करताना मी प्रत्येक नावापुढे तीन रकाने आखते. पात्र पहिल्यांदा कुठे येतं, शेवटी कुठे दिसतं, आणि त्याचं काय होतं. ही सवय गावच्या शाळेतली. गुरुजी मला हजेरी भरायला सांगायचे. हजर लिही नाहीतर गैरहजर लिही, पण चौकोन रिकामा ठेवू नकोस, म्हणायचे. त्यांची ती शिकवण मी अजून रोज वापरते. दगडूपुढचा तिसरा रकाना रिकामा होता. मी हस्तलिखित दोनदा वाचलं होतं, आणि दोन्ही वेळा तो माझ्या नजरेतून सुटला होता.

नानांना सांगितलं. ते चष्मा कपाळावर चढवून हसले.

"एकशे सदतिसातला एक. कोण मोजतंय? सूचीतून नाव काढून टाक, विषय संपला."

"नाना, रविवारी प्रकाशनाला आबांच्या कंपनीतले जुने जवान येणार आहेत. ते मोजतील."

"मग आबांना तूच सांग."

मी आबांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "त्याला पहाऱ्यावर कोणी लावलं होतं?"

"सुभेदार रणबानं. पान एकशे अठ्ठेचाळीस."

"आणि तो आजून तठेच उभा शे," आबा स्वतःशीच म्हणाले. "येतो मी."

दीड वाजता ते रेल्वेनं येऊन ऑफिसात हजर. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. पाणी प्यायच्या आधी त्यांनी मला समजावून सांगितलं. पहारेकरी स्वतःहून जागा सोडत नाही. दुसरा माणूस येऊन त्याला मोकळा करतो, तेव्हाच तो हलतो. ज्यानं त्याला उभं केलं, त्याची जबाबदारी तोवर संपत नाही.

"पोरी, लांडग्याला पंख नसतात हे माझे दोस्त सोडून देतील. पण पहारा बदलला नाही, हे सोडणार नाहीत. मीसुद्धा सोडणार नाही."

नानांनी चहा पुढे केला. "आबा, सोपं आहे. शेवटी लिहा, त्याला एक बाण लागला."

"चूक माझी, आणि मरायचं त्यानं?"

नाना आपला कप घेऊन खुर्चीत टेकले.

मी शेवटचं प्रूफ समोर घेतलं. कथा पान पाचशे छत्तीसच्या मध्यावर संपत होती. खाली जागा होती ती मोजली. बरोबर अकरा ओळी. आबांनी एक तास खपून तीन कागद भरले. त्यात दगडूचं एक लांबलचक भाषणही होतं.

"आबा, तीन वर्षं एकटा उभा राहिलेला माणूस इतकं बोलेल?"

"आमच्याकडचा असला तर बोलेल," नाना म्हणाले.

भाषण गेलं. उरलं ते असं. विजयाच्या मेजवानीत सुभेदार रणबा माणसं मोजतो. एक कमी भरतो. तो ताट सोडून एकटाच खिंडीत जातो. दगडू भाला रोखतो आणि परवलीचा शब्द विचारतो. तीन वर्षांपूर्वीचा शब्द रणबाला आठवत नाही. तो हात वर करून उभा राहतो.

इथे आबाही अडले. "मी कोणता शब्द लिहिला होता?"

माझ्या कागदावर होता. "कळण्याची भाकरी."

"हां. मला त्या वेळी भूक लागली असेल."

रणबाला शब्द आठवतो, दगडू भाला खाली ठेवतो, आणि रणबा स्वतः त्याच्या जागी उभा राहतो. अकरावी ओळ तिथे संपली. चारला दहा मिनिटं असताना फाइल प्रेसला गेली.

रविवारी प्रकाशनाला आबांनी त्यांच्या गावच्या शाळेत तेवढ्याच अकरा ओळी वाचल्या. समोरच्या रांगेतले त्यांचे दोस्त ताठ बसून ऐकत होते. वाचून झाल्यावर त्यांच्यातले एक म्हातारे हवालदार उठले.

"सुभेदारसाहेब, जेवला का तो?"

"हो. मेजवानीत त्याचं ताट झाकून ठेवलं होतं."

"मग ठीक," म्हणून ते बसले.

सूचीत आता असं छापलेलं आहे: दगडू, शिपाई, खिंडीचा पहारेकरी, पाने १४८ ते ५३६. सेनापती तीनशेव्या पानावर पडतो, राणी दोनशेव्या पानावर येते. त्याला उभं करणारा रणबा सोडला, तर एवढा लांब पल्ला दुसऱ्या कोणाचा नाही.

तेव्हापासून कोणतंही पुस्तक छपाईला जाण्याआधी नाना माझ्या टेबलाशी येऊन विचारतात, "सगळे उतरले का पहाऱ्यावरून?" मी रकाने बघून हो म्हणते. दोनदा वाचूनही माझ्या नजरेतून अजून माणसं सुटतात. म्हणून रकाने आखते.