दिव्याची तार

परवा कुरखेड्याच्या बाजारात मोहाच्या तेलाचा वास आला आणि मला सीतारामभाऊचे हात आठवले.

पंचावन्न-छप्पन साल असेल. मी वनखात्याच्या बांबू-मोजणीसाठी जुन्या लष्करी मोटारसायकलवर जंगलात हिंडायचो आणि गाडी सीतारामभाऊ या मासेमाराच्या अंगणात ठेवायचो. एकाच आठवड्यात दुसऱ्यांदा समोरचा दिवा लागेना. बॅटरी ठीक, बल्ब ठीक, तार मात्र तुटलेली. दिवा नसला की मला दिवस मावळायच्या आत परतावं लागे आणि बांबूचोरांना रान मोकळं! भाऊ त्यांना सामील आहे, हे मी ठरवूनच टाकलं.

"उंदरानं खाल्ली असन, साहेब."

"उंदराला दिव्याचीच तार बरी आवडते?"

"मले काऊन विचारता? उंदराले विचारा."

मी गाडी पाटलाच्या गोठ्यात हलवली. तिसऱ्या दिवशी तिथंही तीच तार तुटली. या वेळी नीट पाहिलं, तर चिंधीवर बारीक दातांच्या खुणा होत्या. पाणी लागू नये म्हणून त्या तारेला मोहाच्या तेलात भिजवलेली चिंधी मीच गुंडाळली होती.

ओशाळून गाडी परत नेली. भाऊ एवढंच म्हणाला, "ठेवा न, जागा हाय."

पण त्यानंतर गाडीजवळून जाताना तो दोन्ही हात पाठीमागे धरायचा.